नडगीत रॉड टाकल्यावर: ऑपरेशन तासा-दीड तासाचं, चालणं सहा महिन्यांचं

"रॉड टाकलाय की ओ मॅडम, म्हणजे हाड जुळलंच ना? मग दुखायलंय कशाला?"

आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. नडगी मोडली की रुग्ण आधी ऑर्थोपेडिक सर्जनकडे जातो आणि मग, बऱ्याचदा नको तितक्या उशिरा, माझ्याकडे येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. रॉडनं हाड जुळत नाही. रॉड म्हणजे हाडाच्या पोकळीत बसवलेली धातूची सळई, ती हाडाला सरळ धरून ठेवते. जुळायचं काम हाड स्वतः करतं आणि त्याला साधारण चार ते सहा महिने लागतात. हे नीट न समजल्यामुळे दोन प्रकारचे रुग्ण तयार होतात. एक तिसऱ्या आठवड्यात बुलेटला किक मारणारे, दुसरे तीन महिने पाय अधांतरी धरून बसणारे. दुसरे संख्येनं जास्त आहेत, आणि हालही त्यांचेच जास्त होतात.

हा लेख दोघांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. तुमच्या सर्जननी यातलं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमचे एक्सरे त्यांनी पाहिलेत, मी नाही.

## नडगीच का?

नडगीवरून बोट फिरवून बघा. पुढच्या आतल्या बाजूला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी आणि लगेच हाड. मध्ये मांसाची गादीच नाही. म्हणून मार बसला की हाड मोडतं आणि पुष्कळदा कातडी फाडून बाहेर येतं. मांस कमी म्हणजे बाहेरून मिळणारा रक्तपुरवठाही कमी. घोट्याकडच्या खालच्या तिसऱ्या भागात तर फारच. मांडीचं हाड एवढं जाड असून बऱ्यापैकी वेळेत जुळतं आणि नडगी रेंगाळते, त्याचं एक मोठं कारण हे.

आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की हे रुग्ण वाढतात. रात्रीच्या वेळी हायवेवर उसाची ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि मागून येणारा दुचाकीवाला. बाकी पावसात घसरणारे, खो-खो-कबड्डीवाले, विहिरीच्या कामावरचे असतातच.

नडगीशेजारचं बारीक हाड बहुतेक वेळा सोबतच मोडतं. "डॉक्टरनं ते तसंच सोडलं" म्हणून नातेवाईक काळजी करतात. घोट्याजवळ मोडलं नसेल तर ते सहसा आपोआप जुळतं. शरीराचं बरंचसं वजन नडगीच पेलते.

## पहिला तास

जखमेवर स्वच्छ कापड ठेवा आणि दाबून रक्त थांबवा. त्यावर हळद, चुना, कॉफी पावडर काहीही नको. हाड बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका. गुडघ्याच्या वरपासून घोट्याच्या खालपर्यंत पोचेल अशी फळी, पुठ्ठा किंवा गुंडाळलेली चादर दोन्ही बाजूंनी लावून बांधा. घट्ट आवळू नका. बोटं उघडी राहू द्या, म्हणजे रंग दिसेल. १०८ ला फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

कातडी फाटली असेल तर अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन शक्यतो तासाभरात मिळायला हवं, सोबत धनुर्वाताचं. जखमेत पुढे पू होणार की नाही, हे या एका तासावर बरंच ठरतं. म्हणून जवळच्या दवाखान्यात निदान हे इंजेक्शन घ्या आणि मग शहराकडे निघा. जखमेचा मोबाईलवर एक फोटो काढून ती झाकून टाका. मग प्रत्येक ठिकाणी पट्टी सोडून बघायची गरज पडत नाही.

आता हाडवैद्याचं. नाराज होणारे होऊ द्यात, पण मला हे लिहावंच लागेल. बांबूच्या कामट्या, लेप आणि वरून आवळलेली पट्टी घेऊन आठ दिवसांनी आलेला पाय मी पाहिलाय. बोटं काळी पडली होती. साधं मनगट मुरगळणं वेगळं. मोडलेल्या नडगीला मालीश म्हणजे आतल्या धारदार टोकांनी रक्तवाहिनी कापायला आमंत्रण.

अपघात वाहनाचा असेल तर दवाखान्यात पोलीस नोंद करायला सांगा. नुकसानभरपाईचा दावा पुढे तिच्यावरच उभा राहतो. २०२५ मध्ये केंद्रानं रस्ते अपघातातल्या जखमींसाठी पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आणली आहे, तिची चौकशी दाखल होतानाच करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण रुग्णालय योजनेत हवं. आधार आणि रेशनकार्ड घेऊनच निघा. दुसऱ्या दिवशी गावाकडून कागद मागवण्यात ऑपरेशनचा नंबर मागे जातो, हे मी कितीदा तरी बघितलंय. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयात, ही ऑपरेशनं नेहमीची आहेत.

## पहिल्या दोन रात्री: पोटरी दगडासारखी झाली तर

सगळ्या लेखातला हा एकच भाग वाचायचा असेल तर वाचा.

पोटरीचे स्नायू चार कप्प्यांत असतात आणि त्या कप्प्यांच्या भिंती ताणत नाहीत. आत रक्त आणि सूज भरली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू उपाशी मरायला लागतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये, त्यातही तरण्या, पिळदार पोटरीच्या पुरुषांमध्ये, हा धोका जास्त असतो. कातडी फाटलेली असली तरी होतो आणि ऑपरेशननंतरही होतो. साधारण सहा तासांत दाब मोकळा केला नाही तर पाय वाचला तरी पंजा कायमचा लुळा पडू शकतो.

ओळखायचं कसं? फ्रॅक्चर दुखतंच, पण हे दुखणं वेगळं. इंजेक्शन देऊनही चढत जातं. पायाचं बोट हळूच वर ओढलं की पोटरीत कळ जाऊन माणूस ओरडतो. पोटरी हाताला टणक लागते. बोटांच्या बेचक्यात मुंग्या येतात. नाडी लागत असली म्हणून निर्धास्त राहू नका, ती अगदी शेवटी जाते.

असं वाटलं की रात्रीचे तीन वाजले असले तरी सिस्टरना उठवा. "पेशंटला सहनच होत नाही" असं शेजारच्या कॉटवरचे म्हणतील, म्हणू द्या. पट्टी आणि स्लॅब (पायाला आधाराला बांधलेलं अर्धं प्लास्टर) सैल करायला सांगा. पाय छातीच्या उंचीवर ठेवा, उशांचा डोंगर करून त्याहून वर नको. उपाय म्हणजे पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरे देऊन कप्पे मोकळे करणं. ते बघून घरचे हबकतात, "एवढं का फाडलं" म्हणून भांडतात. त्या चिऱ्यांनीच पाय वाचलेला असतो. जखमा काही दिवसांनी शिवतात किंवा त्यावर कातडी लावतात.

पहिल्या तीन दिवसांत अचानक धाप लागली किंवा रुग्ण बरळायला लागला, तर तेही लगेच सांगा. हाडातली चरबी रक्तात उतरून फुप्फुसात अडकू शकते.

## रॉड कशाला, प्लास्टर का नाही?

हलकं, जागचं न हललेलं फ्रॅक्चर प्लास्टरमध्येही जुळतं. पण त्यात बरेच आठवडे, कधी महिने, गुडघा-घोटा बांधलेला राहतो. मेच्या उन्हात, पारा ४३-४४ वर असताना मांडीपर्यंतचं प्लास्टर म्हणजे काय, ते ज्यानं घातलंय त्यालाच विचारा. दुसरा पर्याय धातूच्या पट्टीचा, म्हणजे प्लेटचा. ती हाडाच्या एका अंगाला बसते आणि तिच्यासाठी आधीच पातळ असलेली कातडी उघडावी लागते. रॉड हाडाच्या पोकळीत, अगदी मधोमध बसतो आणि वजन हाडासोबत वाटून घेतो. म्हणूनच मधल्या भागात मोडलेल्या मोठ्या माणसाच्या नडगीला जगभर रॉडची पसंती आहे.

सगळ्यांना नाही. फ्रॅक्चर गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यात शिरलं असेल तर प्लेट लागू शकते. वाढत्या वयाच्या मुलांत हा रॉड टाकत नाहीत, कारण गुडघ्याजवळच्या वाढीच्या थराला धक्का बसतो. त्यांच्यासाठी लवचिक सळया असतात. जखमेत शेतातली माती भरली असेल तर आधी धुलाई आणि बाहेरून सळयांची चौकट, रॉड नंतर. "दोनदा ऑपरेशन करून पैसे काढले" असा आरोप या वेळी हमखास होतो. घाणेरड्या जखमेत घाईनं रॉड घातला तर पू हाडाच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत पसरतो. त्यापुढे दोन ऑपरेशनं स्वस्त.

## टेबलावर काय होतं

हाडाच्या पोकळीत रॉड घालण्याची आजची पद्धत जर्मन सर्जन गेरहार्ड क्युंचर यांनी १९३९-४० च्या सुमारास रूढ केली. त्यांचा रॉड नुसताच ठोकलेला असे, त्यामुळे तुकडे झालेलं हाड आखडायचं किंवा फिरायचं. १९७०च्या दशकात रॉडला वर-खाली आडवे स्क्रू घालून अडकवायची युक्ती आली. आज तुमच्या पायात असतो तो हाच.

बहुतेकदा कमरेतून भूल देतात. गुडघ्याच्या वाटीखाली, किंवा नव्या पद्धतीत वाटीच्या वर, दोन-तीन इंचांचा छेद घेतात. नडगीच्या माथ्यावर छिद्र पाडून एक बारीक तार पोकळीत सोडतात आणि सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर बघत मोडलेल्या जागेतून पलीकडे नेतात. मग त्या तारेवरून लवचिक ड्रिलनं पोकळी आतून कोरतात, रॉडपेक्षा एक-दीड मिलिमीटर जास्त. रॉडची जाडी साधारण ८ ते ११ मिलिमीटर. कोरताना निघालेला हाडाचा चुरा मोडलेल्या जागी जाऊन बसतो आणि तोच खतासारखा कामी येतो. शेवटी वर दोन, खाली दोन असे स्क्रू.

कोरून टाकलेला बरा की न कोरता? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १२२६ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात बंद, म्हणजे कातडी न फाटलेल्या, फ्रॅक्चरला कोरण्याचा फायदा दिसला, उघड्या, म्हणजे कातडी फाटलेल्या, फ्रॅक्चरमध्ये तसा दिसला नाही. याच अभ्यासातली दुसरी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, ती पुढे सांगते.

स्टीलचा की टायटॅनियमचा, यावर घरात रात्रभर खल होतो. दोन्ही चालतात. तेवढ्यासाठी कर्ज काढू नका. त्यापेक्षा सर्जनना दोन प्रश्न विचारा आणि उत्तर कार्डावर लिहून घ्या: "पायावर वजन कधी आणि किती द्यायचं?" आणि "पुढचा एक्सरे कधी?"

## पहिले पंधरा दिवस

भूल उतरली की त्याच संध्याकाळी पंजा वर-खाली करायला सुरुवात करा, जागेपणी दर तासाला वीसेक वेळा. पोटरी हा पायातल्या रक्ताचा पंप आहे. तो बंद पडला की रक्ताच्या गुठळीची भीती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून टाच गादीवरून ओढत गुडघा वाकवा, आणि पाय सरळ ठेवून वीतभर उचला.

एक चूक मात्र घराघरांत होते. आराम वाटावा म्हणून आई किंवा बायको गुडघ्याखाली जाडजूड उशी सरकवते. महिन्याभरात गुडघा वाकलेला राहतो तो राहतोच. पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्यानं माणूस जन्मभर लंगडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या.

टाके साधारण बारा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर पट्टी कोरडी राहू द्या. घाम येतोच, मग रोज उघडून बघायचा मोह होतो, तो टाळा. कूलरचा वारा लावा. पू, वास, वाढता लालसरपणा, थंडी वाजून ताप, किंवा पोटरी-मांडी एकदम सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता जा. पायाला थोडी सूज मात्र दोन-तीन महिने संध्याकाळी येणारच. तिला घाबरू नका.

## वजन द्यायचं म्हणजे किती?

घोळ सगळा इथे होतो. डॉक्टर सांगतात "थोडं टेकवा" आणि रुग्ण घरी जाऊन पाय अधांतरी धरतो. सूचना साधारण तीन प्रकारच्या असतात. पंजा नुसता टेकवणे, अर्धवट वजन, आणि झेपेल तितकं वजन. हाड सरळ आडवं मोडलं असेल आणि रॉड चांगला बसला असेल तर पुष्कळ सर्जन पहिल्या दिवसापासूनच झेपेल तितकं वजन द्यायला सांगतात. तुकडे झाले असतील तर सहा आठवडे थांबवतात.

अर्धवट वजन शिकायची सोपी रीत अशी. घरात वजनकाटा आणा, दुखऱ्या पायाखाली ठेवा, दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची वीट. वॉकर धरून उभे राहा आणि काट्यावर २० किलो येईपर्यंत दाबा. डोळे मिटून तेच परत करा. दोन दिवसांत पायाला अंदाज येतो. मग दर आठवड्याला, सर्जन हो म्हणतील तसं, पाच-दहा किलो वाढवा.

वजन का द्यायचं? हाडाला जगायला भार लागतो. मोडलेल्या जागी बारीकशी हालचाल आणि दाब मिळाला तर भोवती नवं हाड धरतं. पाय अधांतरी राहिला की हाड विरळ होतं, पोटरी सुकते, घोटा खाली लोंबून तसाच आखडतो.

वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला हवी. कुबडी काखेत रुतवू नका, काख आणि कुबडीत दोन-तीन बोटं जागा ठेवा आणि भार तळव्यांवर घ्या. घामानं मूठ घसरते, तिला आपला सोलापुरी टेरी टॉवेल गुंडाळून दोरीनं बांधा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. ती डिस्चार्जच्या आधीच घरी पोचवा, नंतर नव्हे.

## जुळलं हे कसं कळतं

एक्सरे साधारण सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. समोरून आणि बाजूनं, अशा दोन फोटोंत हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांपैकी तीन कडांवरून नवं हाड पलीकडे गेलं आणि वजन दिल्यावर त्या जागी दुखत नसेल, तर जुळलं म्हणायचं. बंद फ्रॅक्चरला चार ते पाच महिने, उघड्याला सहा ते नऊ किंवा त्याहूनही जास्त.

तीन महिन्यांच्या फोटोत भेग दिसली की घरात रडारड होते. आता त्या २००८ च्या अभ्यासातली गोष्ट. हाड जुळत नाही म्हणून सहा महिन्यांच्या आत पुन्हा ऑपरेशन करायचं नाही, असा त्यात दंडक होता. शेवटी न जुळल्यामुळे रॉड बदलणं किंवा हाड भरणं फक्त ४.६ टक्के लोकांना लागलं. नुसतं थांबल्यानं बरीच ऑपरेशनं टळू शकतात, असं संशोधकांनीच नोंदवलं. कधी सर्जन मधे एक-दोन स्क्रू काढून हाडाला दाब मिळू देतात, ते छोटं काम आहे. पण नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती नाही, तर मात्र नुसतं थांबण्यात अर्थ नाही.

हाडाच्या आड येणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर तंबाखूचा. "सिगरेट कधीच ओढली नाही" म्हणून सांगणारा मामा खिशातून माव्याची पुडी काढतो. निकोटीन ओढा नाहीतर चघळा, रक्तवाहिन्या आवळतोच. दुसरा नंबर रक्तातल्या साखरेचा, म्हणजे मधुमेहाचा. ती ताब्यात नसेल तर जखमही चिघळते आणि हाडही रेंगाळतं. खाण्यात महागडी पावडर नको. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, मटकी, दूध, चालत असेल तर रोज दोन अंडी. आणि एवढ्या उन्हाच्या गावात राहून आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी निघतं, कारण उन्हात आपण बसतच नाही. एकदा तपासून घ्या.

## कामावर, आणि जमिनीवर

बसून करायचं काम चार ते सहा आठवड्यांत जमतं. दुचाकी, ब्रेक जोरात दाबता आला की, बहुधा तीन-चार महिन्यांनी. सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमवर पाळीभर उभं राहणाऱ्यांना चार ते सहा महिने धरावेत, आणि आधी अर्धी पाळी मागून घ्यावी. शेतातल्या ढेकळांतून चालायला सहा महिने.

जमिनीवर बसण्याबद्दल पुस्तकांत फारसं सापडत नाही, आणि आमच्याकडे सगळं आयुष्यच जमिनीवर. विडी वळणाऱ्या मावशी सुपडं मांडीवर घेऊन तासन्‌तास बसतात. मांडी घालून बसणं बहुतेकांना तीन-चार महिन्यांत येतं. आधी गादीवर, मग जाड सतरंजीवर. उकिडवं बसणं त्याच्याही नंतर. अडचण येते ती गुडघे टेकण्यात. रॉड टाकलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखतं. देवासमोर गुडघे टेकताना, नमाजात, फरशी पुसताना. हाड उत्तम जुळलेलं असलं तरी. त्यासाठी मांडीचे पुढचे स्नायू बळकट करा आणि गुडघे टेकताना तेवढ्यापुरती खाली जाड उशी घ्या. बरेचदा वर्ष-दोन वर्षांत ते कमी होतं. काहींचं थोडं राहतं, हेही आधीच सांगितलेलं बरं.

मग रॉड काढायचा का? काढलाच पाहिजे असं नाही. स्क्रूचं डोकं कातडीखाली टोचत असेल, पू झाला असेल, किंवा गुडघा फारच छळत असेल तर काढतात, तेही हाड पक्कं झाल्यावर, साधारण दीड वर्षानंतर. फक्त गुडघेदुखीसाठी काढत असाल तर दुखणं जाईलच अशी खात्री नाही. ठेवला तर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेलं रॉडचं स्टिकर जपा, पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली की ते दाखवावं लागतं.

काढल्यावर चालता लगेच येतं, पण स्क्रूची भोकं भरायला काही आठवडे जातात आणि तोवर हाड त्या जागी कच्चं असतं. दीड-दोन महिने पळणं, उड्या, कबड्डी बंद. परवा एकानं विचारलं, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलं तर चालेल का? बसा की. थांबायच्या आधी उडी मारू नका, एवढंच.